खोकल्याची जागा

"फोडायचं न्हाई," मास्तर म्हणाले.

मी दोरीच्या गाठीवरचं बोट काढलं. सांगलीच्या दुकानदारानं पुस्तक जाड खाकी कागदात बांधलं होतं. एसटीत मी ते पुडकं मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं होतं, मिठाई कुठली म्हणून.

"मास्तर, नुसतं नाव बघतो."

"नाव म्हाईत हाय तुला."

"आत फोटो असतील."

"मग तर अजिबात न्हाई. सगळ्यांनी मिळून बघायचे. वरातीत नवरदेवाच्या पुढं कोण पळतं का?"

दस्तगीर शिकलगार, म्हणजे आमचे मास्तर, तासगावच्या न्यू गुलशन ब्रास बँडचे मालक आणि एक नंबरचं कॉर्नेट; कॉर्नेट म्हणजे आखूड ट्रम्पेट. त्यांनी पुडकं माझ्याकडून घेतलं, एका जुन्या लाल कोटात गुंडाळलं आणि मोठ्या बाजाच्या कर्ण्यात बसवलं. अगदी मापात बसलं. तो बाजा तसाही गळत होता. ढोलवाल्या बाजीतात्यांनी नारळ फोडला, मास्तरांनी उदबत्ती लावली, आणि मी पाच महिने वाट पाहिलेलं पुस्तक माझ्यापासून चार हातांवर एका भोंग्यात जाऊन बसलं.

लग्नसराई संपल्यावर वाचायचं, असं ठरलं. लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती.

पुस्तक लूशस ग्रेडीचं चरित्र होतं. ग्रेडी अमेरिकेतला मोठा सोल गायक. चर्चमधली आळवणी आणि घरमालकाविषयीची तक्रार एकाच आवाजात गायची, त्याला तिकडे सोल म्हणतात, असं मी समजून चाललो होतो. माझ्या कॉलेजात त्याचं नाव माहीत असलेला मी एकटाच, पण आमच्या तालुक्यात त्याच्या एका गाण्यावर न नाचलेला माणूस सापडला नसता. त्या गाण्यात तो बाईला रविवारी परत ये म्हणून विनवतो. गावात त्याला 'रविवार' म्हणत. न्यू गुलशन ते प्रत्येक वरातीत वाजवायचा.

गाणं आलं कॅसेटवर. मास्तरांचे थोरले भाऊ रहमतभाई कुवेतला ड्रायव्हर होते. त्यांनी ग्रेडीच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिकडून भावाला पाठवलं. मास्तरांनी ते ऐकून ऐकून बसवलं. सगळं बसवलं. म्हणजे काय, ते सांगतो.

कॅसेटमध्ये गाणं ऐन भरात येतं. ग्रेडी ओरडतोय, मागे दहा-बारा पितळी वाद्यं ओरडतायत, समोर हजारो माणसं ओरडतायत. आणि एकदम थांबतं. कापल्यासारखं. एक बारीक खर्र. मग शांतता. मग कुणीतरी खोकतं, कोरडं, दोन टप्प्यांत. मग खट्. आणि मग सगळं पुन्हा, दुप्पट जोरात.

न्यू गुलशन हे जसंच्या तसं वाजवायचा. ऐन चौकात, नाच रंगात आला की मास्तर कॉर्नेट खाली घेत. झांजवाला झांजा एकमेकींवर हलकेच घासून खर्र करी. मग सगळा रस्ता थांबायचा. हात वर असलेले हात वरच ठेवायचे. नवरदेवाची घोडीसुद्धा एक पाय उचलून उभी राहायची; तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं बघून बघून उचललं होतं. त्या शांततेत मोठ्या ढोलावरचे बाजीराव ऐवळे, आमचे बाजीतात्या, खोकायचे. मग मी कॉर्नेटच्या नळीवर अंगठी आपटून खट् करायचो. जागतिक संगीतात माझी भर एवढीच.

याला 'ग्रेडीचा थांबा' म्हणत. मुलीचे वडील बँड ठरवायला आले की आधी विचारायचे, "थांबा हाय न्हवं?" विट्याच्या एका बँडनं आमची नक्कल केली, पण त्यांचा खोकणारा पोरगेला होता. लोक हसले.

मी बँडमध्ये कसा, हेही सांगायला हवं. वडिलांचं बेदाण्याचं गोदाम बँडला रियाजासाठी मिळत होतं, या एका गुणावर मला दोन नंबरचं कॉर्नेट मिळालं. माझं वाजवणं सुरू झाल्यापासून गोदामातले उंदीर गेले, म्हणून वडीलही खूश होते. शिवाय मी इंग्रजी घेऊन बी. ए. करत होतो. बँडमध्ये इंग्रजी वाचणारा मी एकटाच. म्हणजे ग्रेडीबद्दल काहीही कळायचं तर ते माझ्या तोंडून. हे पद मला आवडायचं.

भांडण सुरू केलं इर्शादनं. इर्शाद मास्तरांचा मुलगा, माझ्याच वयाचा. स्पीकर दुरुस्त करायचा आणि जनरेटरची गाडी सांभाळायचा. त्याला डीजे आणायचा होता.

"अब्बा, लोक नाचाय येत्यात. उभं ऱ्हायाला न्हाई."

"तू एकदा उभं ऱ्हाऊन बघ. मग कळंल का नाचत्यात."

"आणि ते खोकणं? परवा मणेराजुरीत नवरीचा मामा मला म्हणाला, त्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्या, वाटल्यास आमची जीप घ्या."

"मामा बाहेरगावचा आसंल," बाजीतात्या म्हणाले.

"मला एक सांगा," इर्शाद माझ्याकडं वळला. "सन्म्या, तू सांग. चालू गाण्यात कुठला माणूस थांबतो? एवढा मोठा गायक?"

यावर बँडमध्ये मतं होती. झांजवाल्याच्या मते तिकडे लाइट गेली होती. मास्तरांच्या मते ग्रेडीला गर्दीत ती रविवारवाली बाई दिसली, म्हणून त्याचा आवाज बसला, आणि खोकला त्याचाच. बाजीतात्यांच्या मते खोकणारा त्यांच्या बँडमधला ढोलवाला होता, हे उघड होतं.

"पुस्तक येतंय त्याच्यावर," मी म्हणालो. "सहाशे पानांचं. त्यात असणारच."

मास्तरांनी गोदामातल्या सगळ्यांकडं बघितलं. मग मुलाकडं.

"ठरलं तर. पुस्तकात थांबा असंल तर बँड हाय तसा ऱ्हाईल, आणि डीजेचं नाव तू काढायचं न्हाई. नसंल तर तुझा डीजे आण. मी कॉर्नेट पेटीत घालतो."

"मध्येच फिरायचं न्हाई, अब्बा."

"शिकलगार हाय मी."

म्हणून पुस्तक मागवलं. म्हणून ते भोंग्यात बसलं. मी रोज रियाजाला गेलो की त्या बाजाकडं बघायचो. कर्ण्यातून खाकी कागदाचा एक कोपरा दिसायचा. एकदा मी पुसायच्या निमित्तानं जवळ गेलो, तर मास्तर डोळे मिटून वाजवत होते ते तसेच, डोळे न उघडता, कॉर्नेटमधून एक सूर काढून मला जागेवर पाठवते झाले. त्या सुराचा अर्थ 'मागं सर' असा होतो, हे मला तेव्हा कळलं.

लग्नसराई संपायच्या आठवड्यात बाजीतात्या आमच्या घरी आले. आत आले नाहीत. ओट्यावर बसले आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून बशीकडंच बघत राहिले.

"सन्मती, ते इंग्रजी तूच वाचणार न्हवं?"

"हो."

"आणि मराठीत तूच सांगणार."

"हो, तात्या."

"मग झालं की. आत काय का असंना. तू आपला 'थांबला' म्हणून वाच."

मीही बशीकडं बघायला लागलो.

"आरं, ढोल कुणीबी बडवंल. आमचा नातू बडवंल. पण चोवीस वर्सं मी खोकतोय. लगीन ठरलं की लोक घरी येऊन सांगत्यात, तात्या, आठ दिस दही खाऊ नगा. एवढी काळजी माझ्या पोरांनी घेतली न्हाई कधी." त्यांनी चहा एका घोटात संपवला. "डीजे आला की मी निसता म्हातारा. खोकणारा."

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "तात्या, तो खोकला तुम्ही टेपवरनं शिकलात?"

"छ्या. टेप खरखरायची. मास्तरांचे भाऊ सुट्टीला यायचे तवा त्यांना म्होरं बसवून घोटला. रहमतभाईंचा खोकला थेट तसा. ही दोन टप्प्यांची चीज. आपल्याकडं कुणाला जमत न्हाई ती."

"अमेरिकेतला खोकला रहमतभाईंना कसा आला?"

"खोकल्याला कुठं पासपोर्ट लागतोय?" म्हणाले आणि उठले. फाटकापाशी थांबून पुन्हा म्हणाले, "थांबला. एवढंच वाचायचं. लई अवघड इंग्रजी न्हाई ते."

शेवटचं लग्न झाल्यावर सोमवारी दुपारी वाचन सुरू झालं. गोदामात बेदाण्याच्या पेट्यांवर सगळा बँड बसला. मास्तरांनी स्वतः पुडकं काढलं, दोरी सोडून गुंडाळून खिशात ठेवली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठावर ग्रेडी होता. घामानं निथळलेला, डोळे मिटलेले. मास्तरांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"गाल बघ," ते म्हणाले. "फुंकणाऱ्याचे गाल हैत. कॉर्नेट वाजवत असणार लहानपणी."

"मागं सूची असते," इर्शाद म्हणाला. "त्यात तो कार्यक्रम शोध. दोन मिनिटांत निकाल लागतोय."

"पहिल्या पानापासनं," मास्तर म्हणाले. "गाणं कुणी मधनं सुरू करतं का?"

पहिल्या पानावर ग्रेडीच्या आजोबांचे वडील कापूस वेचत होते. ते पंचवीस पानं कापूस वेचत होते. इर्शाद पेटीवर आडवा झाला. बाकीचे मात्र कान देऊन ऐकत होते, कारण त्यातल्या निम्म्यांनी स्वतः कापूस वेचला होता आणि लेखकानं बोंडाचं वर्णन बरोबर केलंय की नाही, यावर त्यांचं लक्ष होतं. बरोबर होतं. लेखकाविषयी चांगलं मत झालं.

मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि रात्री पुस्तक परत भोंग्यात. घरी न्यायला परवानगी नव्हती. मी आयुष्यात कशाची एवढी वाट पाहिली नाही. पुढचं पान माझ्या अंगठ्याखाली असायचं आणि मास्तर म्हणायचे, "आज एवढंच. मुरू दे."

ग्रेडीची आजी वारली तेव्हा झांजवाला रडला. ग्रेडीनं खरंच लहानपणी चर्चमध्ये कॉर्नेट वाजवलं होतं, हे निघालं तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना भजी मागवली. तिसऱ्या बायकोवरून मात्र फूट पडली. बाजीतात्यांना ती बाई पटली नाही. ग्रेडीनं दुसरीला सोडलं त्या दुपारी ते ढोल उचलून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी निरोप पाठवला, की पुढच्या प्रकरणात त्याला पश्चात्ताप झालाय, तेव्हा आले. मी तसं वाचलं नव्हतं. पण नंतर झाला.

असं करत करत त्या कार्यक्रमाचं प्रकरण आलं. आदल्या दिवशी मी फक्त मथळा वाचला आणि मास्तरांनी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सगळा बँड गणवेशात आला. लाल कोट, सोनेरी झालर, टोप्या. वाचन ऐकायला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. बाजीतात्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला होता, आणि उकाड्यानं जीव जात होता. इर्शाद माझ्या मागं येऊन उभा राहिला. इंग्रजी त्याला अडखळत यायचं, पण यायचं.

मी वाचायला लागलो. सभागृह कसं होतं, गर्दी किती, ग्रेडीला ताप कसा होता. शेवटचं गाणं 'रविवार'. बाजीतात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढची चार वाक्यं आधी मनात वाचली. मग पुन्हा वाचली.

"थांबलास का?" मास्तर म्हणाले.

आता मी काहीही सांगू शकत होतो. इर्शादला ओळ सापडेपर्यंत मी पुढं गेलो असतो. पण खोटंच वाचायचं तर एवढी वाट कशाला बघितली, असं मला वाटलं. शिवाय लेखकानं बोंडं बरोबर लिहिली होती.

"लिहिलंय," मी म्हणालो, "की त्या रात्री ग्रेडी एकदाही थांबला नाही. श्वास कधी घेतला ते त्याच्या वादकांनाही कळलं नाही. असं सलग गाणं कुणी गायलं नव्हतं आणि नंतर त्यालाही जमलं नाही."

गोदामात माशी बेदाण्यावर बसली ते ऐकू आलं.

"नीट वाच," बाजीतात्या म्हणाले.

"तेच लिहिलंय, तात्या."

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इर्शादकडं बघितलं नाही. "फुडं?"

"पुढं रेकॉर्डचं आहे. गाणं एवढं लांबलं की रेकॉर्डच्या एका बाजूला मावेना. मग कंपनीनं मधोमध कापलं, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. ग्रेडीला याचा शेवटपर्यंत राग होता. तो म्हणायचा, मी थांबलो नाही आणि यांनी मला उठून उलटायला लावलं."

"काय उलटायला लावलं?" झांजवाल्यानं विचारलं.

"रेकॉर्ड. एक बाजू संपली की उठायचं, उलटी करायची, पुन्हा सुई ठेवायची."

मास्तर स्वतःच्या हाताकडं बघत होते. मग त्यांनी तो हात पुढं केला, हवेतच काहीतरी उचललं, म्हणाले, "खर्र." हात तव्यावरच्या भाकरीसारखा उलटा केला. मग दोन बोटांनी काहीतरी अलगद खाली ठेवलं.

"खट्," मी म्हणालो. माझ्या तोंडून आपोआप निघालं. पाच वर्षांचा सराव होता.

"भाईजाननं कुवेतच्या मालकाच्या घरी भरली होती ती कॅसेट," मास्तर म्हणाले. "मालक गावाला गेला तवा. टेप रेकॉर्डर रेकॉर्डच्या म्होरं धरून. बंद करायचं बटन मोडलेलं, म्हणून तशीच चालू ठेवून…"

ते उठले. कॅसेट वर्षातून एकदाच बाहेर निघायची, झिजते म्हणून. पेटीच्या तळातून त्यांनी ती काढली आणि इर्शादच्या हातात दिली. इर्शादनं मुकाट्यानं टेपला लावली, फिरवून नेमक्या जागी आणली. जागा त्याला बरोबर माहीत होती.

ग्रेडी ओरडला. हजारो माणसं ओरडली. खर्र. मग ती शांतता, जी आम्ही दर लग्नात उभे राहून ऐकायचो. या वेळी नीट ऐकलं तर तिच्यात खोली होती. कुठंतरी पंखा फिरत होता. लांबून एक मोटार गेली. आणि मग तो खोकला.

"रहमतभाई," बाजीतात्या म्हणाले.

खट्. इर्शादनं टेप बंद केली.

रहमतभाई सात-आठ वर्षांपूर्वी तिकडेच वारले होते. तिकडेच दफन केलं. मास्तरांना जाता आलं नव्हतं. घरात त्यांचा एक फोटो होता, गाडीला टेकून उभे असलेला. आवाज कुठंच नव्हता, असं सगळे धरून चालले होते.

"म्हंजे," बाजीतात्या मफलर सोडत म्हणाले, "मी चोवीस वर्सं…"

"प्रत्येक लग्नात," मास्तर म्हणाले. "साऱ्या तालुक्याला उभं करून." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी टोपी तोंडावर धरली आणि बराच वेळ काढली नाही.

मग ती काढून त्यांनी कॉर्नेट पुसलं, पेटीत ठेवलं, कडी लावली. "इर्शाद. शब्द दिलाय. आण तुझा डीजे."

इर्शादनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

वाचन तिथंच संपलं. पुढची दीडशे पानं मास्तर कुणाला वाचू देईनात. पुस्तक लाल कोटात गुंडाळून भोंग्यात गेलं ते अजून तिथंच आहे. ग्रेडी चौथं लग्न करतो की नाही, मला आजही माहीत नाही. वीस वर्षं मी त्या दीडशे पानांची वाट बघतोय, आणि मला वाटतं ती मला मिळणार. मास्तर आता ऐंशीचे आहेत, पण डोळे मिटूनसुद्धा त्यांचं माझ्याकडं लक्ष असतं.

सराईबाहेरचं एक लग्न मात्र राहिलं होतं. सावळजचं, मुहूर्त उशिराचा. बँड आधीच ठरलेला होता, म्हणून कॉर्नेट पेटीतून काढावं लागलं. शेवटचं, असं मास्तर म्हणाले. इर्शाद नेहमीसारखा मागं जनरेटरच्या गाडीशी होता. चौकात 'रविवार' सुरू झालं. मास्तर असं वाजवत होते, की ग्रेडीच्या तिसऱ्या बायकोलासुद्धा बाजीतात्यांनी माफ केलं असतं. मग त्यांनी कॉर्नेट खाली घेतलं.

खर्र.

सगळा रस्ता थांबला. नवरदेवाचे मेहुणे हात वर करून थांबले. एक आजोबा वाकलेले होते ते वाकूनच राहिले. घोडीनं पाय उचलला.

बाजीतात्यांनी तोंड उघडलं. काही निघालं नाही. त्यांनी पुन्हा उघडलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांच्या गळ्यातली शीर हलत होती, पण आवाज येईना. माणसाला एकदा कळलं की आपण कुणाचं खोकतोय, की घसा ऐकत नाही.

शांतता लांबत गेली. एवढा लांब थांबा तालुक्यानं कधी बघितला नव्हता. आजोबांच्या कमरेला कळ लागली असणार, पण ते हलले नाहीत. मास्तर समोर बघत होते, कॉर्नेट मांडीला लावून. घोडीचा पाय थरथरायला लागला.

आणि मागून, जनरेटरच्या गाडीपासून, कुणीतरी खोकलं. कोरडं, दोन टप्प्यांत.

मास्तर वळले नाहीत. त्यांनी कॉर्नेट ओठाला लावलं.

मी खट् केलं.